माझ्या अशिलाला काही म्हणजे काहीच कळत नाही, साहेब

लोकांना वाटतं वकील म्हणजे अशिलाला मोठा करून दाखवणारा माणूस. माझ्या वाट्याला आलेली वकिली नेमकी उलटी आहे. मी नोकरीच्या आणि शेअर बाजाराच्या केसेस करते, म्हणजे सकाळी वांद्रे पूर्वेला लेबर कोर्ट आणि दुपारी शेअर रिक्षाने बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) सेबी भवन, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणारी संस्था, नाहीतर नरिमन पॉइंटला सॅट, म्हणजे सेबीविरुद्धची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण, आणि सगळीकडे मी एकच गोष्ट सिद्ध करत असते की हा जो शेजारी बसलाय तो अतिशय किरकोळ माणूस आहे. त्याच्या देखत. कधी कधी त्याच्या बायकोच्या देखत. आणि फीसुद्धा त्याच्याचकडून घेऊन.

आधी लेबर कोर्टाचं सांगते. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, त्यातली 2(एस) ही व्याख्या. नोकरीवरून काढलं म्हणून भांडायचं असेल तर आधी तुम्ही त्या व्याख्येतले वर्कमन, म्हणजे कामगार, असायला लागता. मॅनेजर असाल तर बाहेर. सुपरवायझर असाल आणि पगार दहा हजारांच्या वर असेल तरी बाहेर. (21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार कायद्यांचे नवीन कोड आले, त्यात दहाचे अठरा हजार झाले, पण माझ्याकडच्या बऱ्याचशा फायली त्याच्या आधीच्या आहेत.) आता कोर्ट पदाचं नाव बघत नाही, काम काय करत होता ते बघतं, हे एक बरं आहे, कारण आपल्याकडच्या कंपन्यांनी गेल्या वीसेक वर्षांत पगारवाढीच्या ऐवजी पदं वाटलीत. क्लार्कचा एक्झिक्युटिव्ह झाला, मग सीनियर एक्झिक्युटिव्ह, मग असिस्टंट मॅनेजर, आणि काम तेच, इनवर्डचा शिक्का मारायचा. पण माणसाने मधल्या काळात व्हिजिटिंग कार्ड छापलेलं असतं, सोसायटीच्या पाटीवर नाव रंगवलेलं असतं, पोरीच्या पत्रिकेत स्वतःच्या नावाखाली पद टाकलेलं असतं. आणि मग मी उपटते.

ॲफिडेव्हिट तयार करताना जो संवाद होतो तो साधारण असा असतो.

"काका, तुम्ही कुणाची रजा मंजूर करायचात का?"

"म्हणजे काय! सगळ्यांची."

मी पेन खाली ठेवते. "मंजूर करायचात, की सही करून वर पाठवायचात?"

"वर पाठवायचो. पण माझ्या सहीशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही मॅडम."

"आणि वरच्या साहेबांनी नाही म्हटलं तर?"

"...तर नाही मिळायची."

"कुणाला नोकरीवर घेतलंत कधी? काढलंत? मेमो दिलात?"

"मेमो टाइप केलेत ना, शेकड्याने!"

हे शेवटचं उत्तर ऐकून मला जो आनंद होतो तो त्यांना कळत नाही. टाइप केले, दिले नाहीत. मी ते ठळक अक्षरात घालते. काकांचा चेहरा पडतो.

खरी परीक्षा उलटतपासात. समोरच्या वकिलाला माहीत असतं की या माणसाच्या इगोला नुसतं बोट लावलं की केस आपोआप पडेल, त्यामुळे ते प्रश्न अगदी मानाने विचारतात, म्हणजे असं की तुमच्यासारख्या अनुभवी माणसावर डिपार्टमेंटची सगळी भिस्त असणार, नाही का? आणि काका फुलतात! मी समोर बसून कागद चाळल्यासारखं करते, काही बोलता येत नाही, आणि तोवर रोजनाम्यात पुढची तारीख पडली तर किती बरं होईल असा विचार करते. हल्ली तर लिंक्डइनची प्रिंट काढून आणतात. एकांच्या प्रोफाइलवर बारा जणांची टीम लीड केली असं होतं. कोर्टाने विचारलं, कोण हे बारा जण? काकांनी बराच वेळ घेऊन सांगितलं की त्यातले नऊ कुरिअरवाले होते आणि ते दुसऱ्या कंपनीचे होते. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांना त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं घरी ज्यांच्या सहीची एवढी दहशत होती त्यांना ऑफिसात स्टेशनरी मागवायलासुद्धा वरची परवानगी लागायची.

सगळ्यांना हा अपमान करून घ्यायचं भाग्यही लाभत नाही. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की शिक्षक वर्कमन नाहीत, त्यांचं काम उदात्त आहे वगैरे. म्हणजे मान मिळाला, केस गेली. पुढे औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनाही, म्हणजे डॉक्टरांकडे औषधांचा प्रचार करत फिरणाऱ्यांनाही, 1994 मध्ये तसंच ऐकावं लागलं, अर्थात त्यांच्यासाठी तेव्हा वेगळा कायदा तरी होता. कंपनीत लीगल असिस्टंट म्हणून लागलेला माणूससुद्धा वर्कमन नाही असंही सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे, त्यामुळे मी उद्या कुठे नोकरी धरली आणि मला हाकललं तर मला माझ्यासारखी वकीलसुद्धा उपयोगाची नाही.

आता बीकेसी. रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं, ट्रॅफिक असेल तर देव मालक. इथले अशील एसीत बसलेले, घड्याळं महाग, आणि तक्रार इनसायडर ट्रेडिंगची. सेबीचं म्हणणं असतं की कंपनीची आतली बातमी याला आधीच माहीत होती. सिद्ध झालं तर दंड किमान दहा लाख आणि वर पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. तेव्हा इथे मी काय सांगते? की साहेब, हा नावाचा डायरेक्टर. याला कुणी काही विचारत नाही, सांगत नाही, मीटिंगमध्ये हा फक्त काजू खातो. सकाळच्या काकांना निदान थोडं वाईट वाटतं. हे गृहस्थ मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "मॅडम, अगदीच काही कळत नाही असं नका ना लिहू, अजून दोन बोर्डांवर आहे मी."

यातला माझा आवडता भाग म्हणजे नातेवाईक. शेअर घेतलेले असतात मेहुण्याने, आणि सेबीकडे कॉल रेकॉर्ड असतं. 2018 च्या एका ऑर्डरमध्ये तर फेसबुकवर एकमेकांच्या फोटोंना दिलेले लाइक्ससुद्धा ओळखीचा पुरावा म्हणून धरले होते, तेव्हापासून मी कुणाच्या साखरपुड्याच्या फोटोला लाइक करताना दोनदा विचार करते. पण 2022 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने एका ज्वेलर कंपनीच्या केसमध्ये म्हटलं की नुसतं नातं आहे म्हणून बातमी दिली असं धरता येणार नाही, आणि त्या कुटुंबात आधीच बिनसलेलं होतं हे लक्षात घेतलं. झालं! पिढ्यानपिढ्या आपण जिच्यापायी बांध कोरले आणि वाडे पाडले ती भाऊबंदकी एकदम कायदेशीर बचाव झाली. आता अशील आला की मी आधी विचारते, घरात भांडण आहे का? लेखी आहे का? वाटणीचा दावा वगैरे असेल तर उत्तमच. एका गृहस्थांनी हिरमुसून सांगितलं की नाही हो, आमचं फार चांगलं आहे, दर गणपतीला सगळे एकत्र असतो. मी म्हटलं, फोटो आहेत? म्हणाले, भरपूर. म्हटलं, कुणाला दाखवू नका.

आणि घरी? घरी सगळ्यांना टीप हवी असते. सेबीचं काम करतेस म्हणजे तुला आतलं माहीत असणारच, कोणता घेऊ सांग, असं हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता विचारतात. अगं, जे मला माहीत असतं त्यावर एक शेअर घेतला तर माझीच केस उभी राहील, त्या नियमांत वकीलही बसतात. दुसऱ्यांचे कोट्यवधींचे सौदे सेकंदासकट पाठ असलेली मी पैसे पोस्टात ठेवते. यावर मामींचं म्हणणं असं की मग एवढं शिकून उपयोग काय.

फीचं विचारू नका. लेबरचे अशील म्हणतात जिंकल्यावर अर्धे तुमचे, आणि बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निकालात वाटा घेता येत नाही हे सांगितलं की त्यांना वाटतं मी भाव खातेय. बीकेसीवाले म्हणतात बिल पाठवा, आणि मग त्यांच्या अकाउंट्सच्या मुलाला ते बिल वर्षभर सापडत नाही.

त्या कुरिअरवाल्या काकांची केस मात्र जिंकलो. वर्कमन ठरले, पुन्हा कामावर घ्या असा हुकूम झाला, बॅक वेजेससकट, म्हणजे मधल्या काळाच्या पगारासकट. पेढे घेऊन आले, ऑर्डरची कॉपी वाचली, परत वाचली आणि म्हणाले, "छान झालंय. फक्त ते 'यांना कोणतेही अधिकार नव्हते' असं जे लिहिलंय ना, ते काढून दुसरी कॉपी मिळेल का? साडूंना दाखवायची होती."

मी सांगितलं की काढता येत नाही, शिवाय कंपनी हायकोर्टात गेलीय, तिथे हेच परत सांगावं लागेल, आणि तोवर त्याच जुन्या कायद्याच्या 17-बी कलमाखाली शेवटचा पगार चालू हवा असेल तर सध्या मी कुठेही कामाला नाही असं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागेल.

काकांनी पेढ्यांचा बॉक्स थोडा स्वतःकडे ओढला. "तिथे पण सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि माइक असतो."

"बरं," ते म्हणाले, "मग त्या तारखेचा फोन माझ्या मोबाइलवर करा. लँडलाइनवर नको, ही उचलते."