स्टुडंट एडिशनचा ताप

दर वर्षी तेच! कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरचं, स्टुडंट लायसन्स वर्षभराचं. संपलं की विद्यार्थी असल्याचा पुरावा पुन्हा द्या. आयकार्डावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. फॉर्मवर नाव आधी. झालं, अर्ज नामंजूर! अहो, आमच्याकडे आयकार्ड असंच छापतात! मग बोनाफाईडसाठी ऑफिसच्या खिडकीपाशी ताटकळा, इकडे सबमिशन डोक्यावर.

बरं, घरी नवीन व्हर्जन, लॅबमध्ये जुनं. रात्र जागून केलेली गिअरबॉक्सची असेंब्ली तिथे उघडतच नाही.

पुण्यातल्या पोरांना प्रोजेक्टचे पार्ट करून घ्यायला बऱ्याचदा भोसरीच्या वर्कशॉपची वाट धरावी लागते. तिथे फाईल दिली, तर तिच्यावर स्टुडंट व्हर्जनचा शिक्का. वर्कशॉपवाल्यांच्या विकतच्या सॉफ्टवेअरला ती कित्येकदा चालत नाही. वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणाऱ्या स्टेप फॉरमॅटमध्ये द्यावी, तर आकार तेवढा पोचतो, फीचर ट्री, म्हणजे पार्ट कुठल्या पायऱ्यांनी आणि मापांनी बनवला त्याची यादी, गायब. एक भोक ८ ऐवजी १० मिलिमीटरचं करायचं, तरी नुसता आकडा बदलून भागत नाही.

धंद्यासाठी वापरू नका, हे मान्य. पण क्रॅक न टाकता सरळ मार्गानं घेणाऱ्यालाच हा जाच का? निदान डिग्री संपेपर्यंतचं लायसन्स एकदाच द्या ना!