चवदार तळं एका दिवसात खुलं झालं नाही

दर 20 मार्चला एक संदेश फोनवर येतोच: ‘1927 साली आजच्या दिवशी बाबासाहेबांनी एकट्याने कायदा मोडला, महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायले आणि तळं सर्वांना खुलं झालं.’ पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो, म्हणून तर ते जास्त लागतं. पाणी प्यायले एवढं खरं. बाकी तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘कायदा मोडला.’ मोडायला तसा कायदाच नव्हता, आड येत होती ती रूढी. सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 4 ऑगस्ट 1923 रोजीच मंजूर केला होता. पाठोपाठ जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, गुराढोरांना नव्हता. माणसांपैकी अस्पृश्यांनाच होता. त्या दिवशी लोक पाण्यापर्यंत चालत गेले ते कागदावर मिळालेला हक्क बजावायला. ‘कायदा मोडला’ म्हटलं की पाणी अडवणारे आपोआप कायद्याच्या बाजूचे ठरतात, आणि मला हेच सोसत नाही.

‘एकट्याने.’ लोक तळ्यावर गेले ते महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून, आणि तिची जुळवाजुळव रामचंद्र बाबाजी मोरे यांनी केली. अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस सोबत होते. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. आणि गावोगावहून आलेले ते हजारो, ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

‘तळं खुलं झालं.’ त्याच दुपारी, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. परिषदेच्या लोकांत सैन्यातून परतलेले गडी होते, त्यांना उलटून मारणं अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे शेण, गोमूत्र, दूध-दही घातलेल्या 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा तळं खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी 14 डिसेंबरला कोर्टाचा मनाई हुकूम आणला. तुरुंगात जायच्या तयारीने लोक आले होते. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याचा सत्याग्रह कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहकूब झाला आणि माणसं पाण्याला हात न लावता घरी गेली. ज्या संदेशात ‘कायदा मोडला’ लिहिलेलं असतं, त्यात हे परतणं कधीच नसतं. मला मात्र महाडचा सगळ्यात कठीण क्षण तोच वाटतो.

खालच्या कोर्टांत निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागले, तरी वादी अपिलात गेले. शेवटी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड यांच्यासमोर ते अपील फेटाळलं गेलं. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. ती तारीख 17 मार्च 1937. त्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी. पुढच्या वर्षी संदेश पाठवाल तेव्हा ही तारीखही त्यात घाला.