तुमचा सुगंध माझ्या पोराच्या छातीत बसतो

गेल्या मंगळवारी माझ्या नऊ वर्षांच्या पोराला धाप लागली. आमच्या सोलापुरातल्या विजापूर रोडच्या धुरात नाही, घरात नाही. छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात!

बसायच्या खोलीत भिंतीवर एक पांढरं यंत्र लावलंय. दर थोड्या वेळाने ते फुस्स करून मोगऱ्याच्या नावाचा फवारा सोडतं. एसी चालू, खिडक्या बंद, पंधरा-वीस पेशंट, त्यातले निम्मे खोकणारे, आणि आम्ही नेमके त्या यंत्राखाली. तिसऱ्या फुस्सला पोराने माझा हात घट्ट धरला. चौथ्याला तो वाकून बसला, खांदे वर-खाली व्हायला लागले, गळ्याजवळची कातडी आत ओढली जायला लागली. मी पर्समधून त्याचा दम्याचा पंप काढला, स्पेसरला, म्हणजे औषध ओढायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला लावला, त्याला तिथेच दोन पफ दिले. समोरच्या आजोबांनी उठून खिडकी उघडली म्हणून बरं.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, ते यंत्र बंद करा. ती म्हणाली, "वास चांगला येतोय की ओ मॅडम. फिनेलचा वास येतो म्हणून पेशंटच तक्रार करतात."

म्हणजे आधी वासाचं फिनेल ओतायचं आणि मग तो वास झाकायला दुसरा वास मारायचा. दवाखान्याच्या फरशीला जंतुनाशक लागतं, मान्य. पण जंतू जंतुनाशकाने मरतात, वासाने नाही. रूम फ्रेशनर हवेतली घाण काढत नाही. तो त्याच हवेत आणखी काहीतरी सोडतो, आणि ते आपण नाकाने आत घेतो. दम्याच्या पेशंटला उग्र वासापासून लांब ठेवा, हे याच दवाखान्यातून मला लिहून दिलेलं आहे!

घरी येऊन मी मोरीतल्या, बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या खाली मांडल्या आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. बाकीचं काय काय छापलंय, आणि ज्याने माझ्या पोराची छाती आवळते त्याच्यासाठी एकच शब्द: परफ्यूम. त्या एका शब्दात पाच रसायनं असू शकतात, पन्नासही असू शकतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, धंद्याचं गुपित. २०१० च्या सुमारास अमेरिकेत अशाच २५ सुगंधी वस्तू तपासल्या होत्या. रूम फ्रेशनर, साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, असलं सगळं. त्यातून १३३ वेगवेगळी उडणारी रसायनं हवेत येताना सापडली. लेबलवर त्यातलं जवळपास काहीच नव्हतं. आणि 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या वस्तूही त्याला अपवाद नव्हत्या. त्यामुळे दुकानदाराने "ताई, हे हर्बल घ्या" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर आणि धुण्याच्या साबणांवर अॅलर्जी आणणारे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर नावानिशी छापावे लागतात. लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल, एकेक नाव. २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची ती यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली. लिलीच्या फुलासारखा वास देणारं लिलिअल नावाचं रसायन कितीतरी वर्षं क्रीम-शाम्पूत घातलं जायचं. प्रजननाला घातक ठरलं म्हणून १ मार्च २०२२ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आली. म्हणजे तोपर्यंत बायका ते अंगाला चोळतच होत्या ना? सुगंध टिकावा म्हणून वापरतात ती थॅलेट्स नावाची रसायनं, त्यांतली काही शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. हे सगळं त्या एका शब्दाच्या आड लपू शकतं. मला निदान नाव कळू दे, म्हणजे कशाने त्रास होतो ते मी शोधीन. आईला एवढाही हक्क नाही?

बरं, ते रसायन बाटलीतून निघालं तसंच राहत नाही. लिंबू-संत्र्याचा वास देणारं लिमोनीन हवेतल्या ओझोनला भेटलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. तेच, ज्याच्या पाण्यात प्रयोगशाळेत मेलेले बेडूक ठेवतात. माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये ते पहिल्या गटात टाकलं. आणि जमिनीलगतचा ओझोन कशाने होतो? गाड्यांचा धूर आणि कडक ऊन. सोलापुरात या दोन्हींची कमी आहे का?

ऊन म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो तो कपड्यांच्या कंडिशनरचा. अहो, आपल्या गावात मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडकडीत वाळते, तिला उन्हाचा असा वास येतो की तोंड खुपसून झोपावं. आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका त्या चादरीवर झाकणभर निळं पाणी ओततात, 'ताजेपणा' यावा म्हणून! ज्या गावच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय मानांकन, म्हणजे त्या गावची खासियत असल्याचा सरकारी शिक्का आहे, त्या गावात! माझे सासरे पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. ते सांगतात, टेरी टॉवेलचे ते बारीक फास मोकळे असले तरच पाणी टिपतात. कंडिशनर म्हणजे धाग्यावर चढवलेला तेलकट थर. टॉवेल मऊ लागतो आणि पाणी टिपायचं सोडतो. चांगला सुती टॉवेल पैसे देऊन बिघडवायचा, आणि वर तो वास रात्रभर उशीच्या अभ्र्यातून पोराच्या नाकात. शेजारच्या वहिनींच्या दोरीवरचे कपडे वाऱ्याला आमच्या खिडकीकडे फिरले की मला खिडकी लावून घ्यावी लागते. उन्हाळ्यात. लाईट गेलेली असताना.

डांबरगोळ्यांचं तर बोलायलाच नको. कपाटात, बेसिनमध्ये, मुतारीत, जिथे बघाल तिथे. त्यातलं नॅफ्थलीन काही लहान बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं, ज्यांच्यात जन्मतः जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या. बाळ पिवळं पडतं. आणि आपण बारशाला ट्रंकेतली, डांबरगोळ्यांत मुरलेली दुपटी काढून तशीच बाळाभोवती गुंडाळतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला की. फुकट मिळतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाच घरची फरशी पुसतात. पाच घरचे पाच वास, हाताने पिळलेलं फडकं. त्यांना गेली दोन वर्षं खोकला आहे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त माणसांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये सांगितलं की साफसफाईची कामं करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद इतरांपेक्षा लवकर घटते. मी मावशींना माझ्या घरात बिनवासाचा साबण आणि पाणी देते. बाकी चार घरी कोण देणार? मी एका घरी जाऊन सांगितलं, तर त्या बाई म्हणाल्या, "वास आला नाही तर पुसलंय कसं कळणार?" फरशीकडे बघा ना! डोळे आहेत ना?

रिक्षात आरशाला लटकवलेली ती बाटली, नवी पेठेतल्या दुकानाच्या दारातच अंगावर येणारा भपका, लिफ्टमध्ये कुणीतरी अर्धी बाटली मारून गेलेला डिओ. मी सगळीकडे हात जोडून सांगते. आणि सगळीकडे एकच ऐकते, "तुमच्याच पोराला कसं काय होतं?" त्याच्या एकट्याला होत नाही हो. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला शिंकांवर शिंका येतात, कुणाच्या काखेत चट्टे उठतात. ते वासाला दोष देत नाहीत, गोळी घेतात आणि गप्प बसतात.

माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. जन्मभर देवापुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावली. पोराला एकदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उदबत्ती बंद केली. समई लावतात, चार खरी मोगऱ्याची फुलं वाहतात. मला सांगावंसुद्धा लागलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला जे एका रात्रीत कळलं, ते छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कळत नाही?

मी त्या दवाखान्यात लेखी अर्ज दिलाय, यंत्र काढा म्हणून. उत्तर नाही. येत्या मंगळवारी परत तपासणी आहे. मी फोन करून सांगून ठेवलंय की आम्ही आत बसणार नाही, खाली पार्किंगमधल्या लिंबाखाली थांबू. नंबर आला की शिपायाला पाठवून हाक मारा.