‘आमच्या घरी कुणी विचारायला आलंच नाही’

‘सर्व्हे बंद करा, तो पैसा दवाखान्याला द्या’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: आमच्या घरी कुणी आलं नाही, म्हणजे आकडे बोगस. आजाऱ्यांची नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात असतेच, मग दारोदार कशाला हिंडता? आणि मोजून कुणी बरं होत नाही. शेवटी मागणी, आमच्या भागाला प्राथमिक आरोग्य केंद्र द्या.

घरी कुणी आलं नाही, हे खरंच असणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती. त्यात आपलं नसलं तर नवल काय? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतोच. फक्त वरवरचं शीत काढलं तर तळ करपलेला कळत नाही, म्हणून घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. मात्र हे सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंतच बोलतं. त्याच्या जोरावर कुणी तालुक्याची टक्केवारी सांगू लागला, तर त्याला खुशाल बोगस म्हणा.

रजिस्टराचं म्हणाल तर त्यात दवाखान्यापर्यंत पोचलेलीच माणसं असतात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. नुसतं रजिस्टर चाळणाऱ्या साहेबाने ‘रुग्ण नाहीत’ असा शेरा मारून फाइल मिटली असती.

आता मोजून कुणी बरं होत नाही, हे. कबूल, थर्मामीटरनेही ताप उतरत नाही. पण त्याच गडचिरोलीत बाळंतपणं घरी व्हायची, तान्ही बाळं घरातच दगावायची आणि कुठल्याच कागदावर यायची नाहीत. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आधी मोजलं: जन्मलेल्या हजारातली ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. कशाने, तेही नोंदलं. मग गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन करायला, त्याला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला. या सेवेच्या तिसऱ्या वर्षी ६२ वरून आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ४७ गावांतही, जिथे ही सेवा नव्हती, मोजणी चालूच होती; म्हणून फरक कशामुळे पडला ते सांगता आलं. बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा-सात फेऱ्या मारते, ती पद्धत इथूनच २०११ मध्ये देशभर गेली. तीच माहिती तिला चार ठिकाणी भरायला लावतात, ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

राहिलं आरोग्य केंद्र. त्याचा निकष लोकसंख्येचा आहे: ३० हजारांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजारांमागे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे हिशेब मांडला जातो २०११ च्या आकड्यांवर. त्यानंतर वसलेल्या वाड्या त्यात धरलेल्याच नाहीत.