वरीलपैकी एकही नाही

२०२३ हे वर्ष बाकी देशात ३१ डिसेंबरला संपलं. आमच्या घरात मात्र ते पुढच्या वर्षीची दिवाळी उलटून गेली तरी चालूच होतं. कारण भाचा. राज्यसेवेची तयारी करायला तो सोलापूरहून पुण्यात आला, पेठेतल्या अभ्यासिकेत एक टेबल आणि आमच्या हॉलमधला दिवाण त्याने अडवला, आणि रात्रीची जेवणं झाली की ‘चालू घडामोडी’चं जाडजूड वार्षिक पुस्तक माझ्या मांडीवर टाकून तो म्हणू लागला, “मामा, विचार की.”

मला वाटलं, यात काय अवघड? ते अख्खं वर्ष मी पेपर वाचून आणि चहा पिऊन स्वतः काढलेलं आहे. पण मी काढलेलं वर्ष वेगळं आणि परीक्षेला येतं ते वेगळं. दोघांची साधी तोंडओळखही नाही.

जी-२०चंच घ्या. जानेवारीत त्यांची एक बैठक पुण्यात होती. तेव्हा रातोरात दुभाजक रंगले, भिंतींवर चित्रं उगवली, कुंड्या आल्या. आपण चुकून दुसऱ्याच्या शहरात शिरलो की काय, असं वाटायचं. तिकडे गुरुग्रामला तर कुणीतरी आलिशान मोटारीतून येऊन अशा कुंड्या उचलून नेल्या आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. मी हे सगळं रंगवून सांगत होतो, तर भाचा म्हणाला, “ते येत नाही परीक्षेला. नवा स्थायी सदस्य विचार.”

मी पुस्तकात बोट शोधेपर्यंत त्याचं उत्तर देऊन झालं होतं. “आफ्रिकन युनियन. ९ आणि १० सप्टेंबर. भारत मंडपम, नवी दिल्ली. पुढचा.”

दोन हजारांच्या नोटेचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मी सरसावून बसलो. १९ मे २०२३ला ती नोट मागे घेतल्याची बातमी आली आणि आईने शांतपणे तांदळाचा डबा उपसायला घेतला. २०१६च्या नोव्हेंबरात एकदा पोळल्यावर या बाईने पुन्हा मोठ्या नोटा दडवल्याच कशा, हा माझ्या मते वर्षातला सर्वांत मोठा प्रश्न. पुस्तकात तो नव्हता. पुस्तकात होतं : विधान अ, नोट चलनातून मागे घेण्यात आली. विधान ब, नोटेची कायदेशीर वैधता कायम राहिली. उत्तर : दोन्ही विधाने बरोबर. हे विधान ब मी त्या वेळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडून अर्धा किलो साबुदाणा परत घेतला होता, पण नोट काही घेतली नव्हती. शेवटी बँकेतच जावं लागलं. एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळत होते. आईकडे किती होते ते ती अजून सांगत नाही. ३० सप्टेंबरची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता, एवढंच मला माहीत आहे.

चालू घडामोडींचा खरा वैरी म्हणजे महाराष्ट्राचं राजकारण. छापलेलं पुस्तक इथे दुधासारखं नासतं. २ जुलैचा रविवार. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो तेव्हा अजित पवार विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. उठून चहा मागितला तोवर ते उपमुख्यमंत्री झाले होते आणि एका राष्ट्रवादीच्या दोन होऊ घातल्या होत्या. अशा राज्यात ‘खालीलपैकी कोण कोणत्या पदावर आहे, जोड्या लावा’ असा प्रश्न काढणाऱ्याच्या छातीला दाद द्यायला हवी. भाच्याचा एक मित्र अशा उत्तरांपुढे पेन्सिलीने वेळही लिहून ठेवतो म्हणे.

आकडे तर पाठ होता होत नाहीत. महिला आरक्षणाचं विधेयक १२८वं, पण त्याने झालेली घटनादुरुस्ती १०६वी, आणि पर्यायांत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसलेले. चुकलात की पाव उत्तराचे गुण कापले जाणार. चांद्रयानाचंही तेच. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरलं, तेव्हा आमच्या सोसायटीत एरवी पार्किंगवरून न बोलणारी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. २०१९ला रात्री दोनच्या सुमारास संपर्क तुटल्यावर हीच मंडळी पडेल तोंडाने जिने चढली होती. आणि पुस्तक काय विचारतं? प्रज्ञान रोव्हरचं वजन.

“२६ किलो,” भाचा म्हणाला.

“म्हणजे आपलं तांदळाचं पोतं,” आई आतून म्हणाली. ते वजन मात्र मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

काही पानांवर आम्ही दोघेही रेंगाळत नाही. बालासोरचा रेल्वे अपघात येतो, मणिपूरचा हिंसाचार येतो. इरशाळवाडी कोणत्या जिल्ह्यात, तर रायगड, एक गुण. १९ जुलैच्या रात्री तिथे दरड कोसळली, पाऊस थांबेना म्हणून बचावपथकं अवघड चढ पायी चढून वर गेली. ते सगळं दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बघताना घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं. भाचा उत्तर देतो, मी पान उलटतो.

सिलक्याराचा बोगदा आला की पुस्तक बाजूला ठेवून आम्ही सरळ गप्पाच मारतो. ऐन दिवाळीत, १२ नोव्हेंबरला पहाटे, ४१ मजूर उत्तराखंडातल्या त्या बोगद्यात अडकले. सतरा दिवस. परदेशी तज्ज्ञ आले, अमेरिकन बनावटीचं ऑगर यंत्र आलं, ते आतच मोडलं, आणि शेवटचा पट्टा हातांनी खणला तो उंदरासारखी बिळं पाडणाऱ्या कामगारांनी, ज्या पद्धतीवर कोळसा खाणींत बंदी आहे. मी म्हटलं, हे विचारायला हवं. भाचा म्हणाला, “विचारतील. पण मजुरांची संख्या.”

एका विषयात मात्र मी पैकीच्या पैकी. विश्वचषकात भारताने ओळीने दहा सामने जिंकले, ते मी स्वयंपाकघरात बसून. पहिल्या सामन्यात मी हॉलमध्ये होतो आणि दोन धावांत तीन गडी गेले, तेव्हापासून माझी रवानगी आत झाली होती. वानखेडेवर विराटचं पन्नासावं एकदिवसीय शतक झालं, ते मी लसूण सोलता सोलता नुसतं ऐकलं. १९ नोव्हेंबरलाही मी इमानेइतबारे ओट्याशीच उभा होतो. तरी ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा केल्या. त्या रात्री घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती कुठल्याच पुस्तकात नाही. “हेडच्या धावा?” असं भाच्याने नुसतं म्हणायचा अवकाश, चौघांकडून एकदम उत्तर येतं.

पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला होती. पुढे गेली. जुलैच्या तारखा आल्या आणि गेल्या. तोवर बार्बाडोसला आपण टी-ट्वेंटीचा चषक जिंकून बसलो, म्हणजे आता २०२४ही पाठ करणं आलं. २५ ऑगस्टची नक्की म्हणून ताईने सोलापूरहून सिद्धेश्वराचा अंगारा पाठवला. त्याच दिवशी बँकेचीही परीक्षा निघाली, मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, आणि तारीख थेट १ डिसेंबरवर गेली. पोरांचे हाल वेगळे, ते मी हसण्यावारी नेणार नाही. पण माझीही स्थिती अशी झाली होती की बसमध्ये कुणी “किती वाजले?” विचारलं, तरी तोंडात पर्याय यायचे.

एकदा आईने ते पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि चष्मा लावून अनुक्रमणिका वाचायला घेतली.

“यात टोमॅटो कुठंय रे?”

“टोमॅटो नाही येत आजी.”

“जुलैत शंभराच्या वर गेला, दिल्लीला सरकारने गाड्या लावून विकला, आणि सप्टेंबरात शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला. तरी नाही?”

“कांदा आहे. १९ ऑगस्ट, निर्यातशुल्क ४० टक्के. ८ डिसेंबर, निर्यातबंदी.”

“आणि भाव?”

“भाव नाही.”

आईने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि समासात ठसठशीत लिहायला सुरुवात केली : टोमॅटो, पाव किलो चाळीस, मिरच्या वेगळ्या.

“आजी, पेनाने नको!” भाचा दिवाणावरून उडी मारून आला. “अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला परत घेतात ते!”