मशीनने सॉर्ट केलेलं पार्सल पुन्हा कोण सॉर्ट करतं?

कुरियर कंपन्यांच्या गोदामांतले व्हिडिओ हल्ली सारखे फिरतात. पट्ट्यावरून खोके पळतायत, आपापल्या जागी टपाटप पडतायत. खाली कमेंट ठरलेली : "आता माणसांची गरजच संपली." मला हे अजिबात पटत नाही.

यंत्र भारी आहे यात वाद नाही. क्रॉस-बेल्ट सॉर्टर म्हणजे गोल फिरत राहणाऱ्या ट्रॉल्यांची माळ. प्रत्येक ट्रॉलीवर एक छोटा आडवा पट्टा. पार्सल बारकोड वर करून ठेवायचं. कॅमेरा बारकोड वाचतो, वजन-मापं जाता जाता घेतली जातात आणि ठरलेला च्यूट (पार्सल खाली घसरत जायची पन्हाळ) समोर आला की तो छोटा पट्टा गर्रकन फिरून पार्सल खाली लोटतो. तिथे बॅग लावलेली असते. भरली की सील, टॅग आणि गाडीत. तासाला हजारो पार्सलं अशी जातात. बारकोड चुरगळलेला असेल, किंवा माल गोल, लांबलचक असेल, तर मात्र तो बाजूला पडतो आणि माणसाच्या हातात येतो.   

पण कुठलं पार्सल कुठल्या च्यूटमध्ये, हे ठरतं मुख्यतः पिनकोडवर. हे सहा आकडे 15 ऑगस्ट 1972 पासून आले. ते आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा : आपला 4, त्यात गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडही येतात. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. खणांत हाताने पत्रं टाकणाऱ्या पोस्टातल्या सॉर्टरसाठी केलेली ही सोय आज कोट्यवधींची यंत्रं चालवते. वेलणकरांचं नाव किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न वेगळाच.

आता खरी गोम. पिनकोड पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. पुण्यात 411014 म्हटलं की त्यात विमाननगरही आलं, वडगाव शेरीही आणि खराडीही. गावाकडे शाखा डाकघरांना ती ज्या मोठ्या डाकघराखाली येतात त्याचाच पिन असतो, म्हणजे एका नंबरात कितीतरी गावं आणि वाड्या. म्हणून यंत्राने अचूक भरलेली ती बॅग सकाळी लोकल हबवर, म्हणजे त्या भागातल्या छोट्या गोदामात, फरशीवर उपडी होते आणि घरोघर पार्सल पोचवणारी रायडर पोरं त्यातली पार्सलं पुन्हा वेगळी करतात. हाताने. "मारुती मंदिराच्या मागे, गिरणीशेजारी" हे वाचून तो कोणाचा रूट हे पोरगं सांगतं आणि मार्करने खोक्यावर नंबर टाकतं. हे ज्ञान सर्व्हरवर सहसा सापडत नाही.

कंपन्या अचूकतेचे 99.9 टक्के मिरवतात, ते च्यूटपर्यंतचे. फरशीवरच्या दुसऱ्या सॉर्टिंगची मोजदाद कोण करतं? बऱ्याच ठिकाणी रायडरला पैसे पोचलेल्या पार्सलमागे मिळतात. सकाळी वाकून केलेलं हे काम फुकटात. वर मोठ्या हबचा वेग वाढला की बॅगा जास्त येतात, फरशी मात्र तेवढीच आणि पोरंही तेवढीच.

2025 मध्ये डाक विभागाने डिजिपिन हा जागेचा डिजिटल कोड आणला. दहा अक्षर-अंकांत साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन. वाडीवस्तीसाठी उत्तमच. पण बारा मजली इमारतीत एकावर एक असलेल्या सगळ्या फ्लॅटना तोच कोड. विंग कुठली, लिफ्ट बंद आहे का, वॉचमन आत सोडतो का, हे शेवटी त्या पोरालाच माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच की सॉर्टर यंत्रांवर पैसे ओतताय तर ओता, पण हबवरचा सॉर्टिंगचा वेळ पगारात धरा. आणि आपणही पत्त्याच्या रकान्यात "आल्यावर फोन करा" एवढंच लिहिणं थांबवूया. विंग, मजला, जवळची खूण लिहायला कितीसा वेळ लागतो?