वहिनी, तुम्ही नेमक्या कोणाच्या?

आज तेरवीच्या पंगतीत डोकंच फिरलं माझं. विषय कापसाचा निघाला होता. मी एवढंच म्हटलं की ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली आणि मग ती सूट डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या टायमाला, हे चुकीचं झालं. तर एक चुलत दीर सगळ्यांसमोर म्हणे, "वहिनी, तुम्ही नेमक्या कोणाच्या? मागं रस्ता झाला तेव्हा आमदाराचं कौतुक केलं, आता तिकडल्यासारख्या बोलून राहिल्या." पंगत हसली. कापूस राहिला बाजूला.

भाऊजी, तुम्ही हे वाचालच, म्हणून इथंच लिहिते.

आमच्या गावात देशी दारूचं दुकान ठेवायचं का बंद करायचं यासाठी बायांचं मतदान झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आधी सह्या गोळा करा लागतात, गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या, आणि मग त्या सह्या खऱ्या का खोट्या ते तपासतात. आम्ही दारोदार फिरलो तर प्रत्येक घरी पहिला प्रश्न, "हे कोन्या पार्टीचं हाय वं बाई?" दुकानामुळं घरात काय होते ते कोणी विचारलं नाही, ते सगळ्यांना माहीतच होतं. एका घरी नवरा पार्टीचा बूथवाला, बाहेर बाजेवर बसलेला. ती भाकरी टाकत होती. पिठाचा हात पदराला पुसला, चुलीजवळच सही केली आणि हळूच म्हणे, "त्याले नको सांगजो."

ही बाई कोणत्या साइडची, सांगा आता.

हो, बंदीनं दारू संपत नाही, चोरून विकणारे वाढतात, चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली तेव्हा हेच कारण दिलं होतं. मान्य. तरी शाळेच्या वाटेवर ते दुकान नको, यावर मी ठाम आहे आणि त्यासाठी मला कोणाचा झेंडा लागत नाही.

आणि ते १५०० रुपये काढू नका दरवेळी! "लाडकी बहीणचे घेता अन् सरकारलाच बोलता." घेते ना. तेलाच्या पुड्यापासून खताच्या बॅगेपर्यंत सगळ्यावर टॅक्स भरते मी, तो पैसा कोणत्या पार्टीच्या घरचा नाही. पैसे घेतले म्हणून तोंड गहाण पडते का? योजना चांगली आहे असंही मी म्हणते, कारण माझ्या शेजारणीनं त्यातून पोरीची कॉलेजची फी भरली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलता येतात.

त्या मतदानाच्या पत्रिकेवर कमळ नव्हतं, पंजा नव्हता, घड्याळ नव्हतं. दोन बाटल्या. एक उभी, एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभी, बंद करायचं तर आडवी. आणि आलेल्या बायांच्या नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याच्या वर मतं आडवीला पाहिजेत, म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपोआप उभीलाच गेल्यासारखं. म्हणून एकमेकींना घरून बोलावून आणलं, भगव्या घरची, निळ्या घरची, कोणाशीच बोलत नव्हती ती पण. बूथवाल्याची बायको लाईनमध्ये माझ्या पुढं होती. बाटली आडवी झाली. त्या दिवशी माझं मत कुठं आहे ते मला एकदम साफ दिसलं, कारण समोर फक्त प्रश्न होता, माणसं नव्हती.

पण सगळंच एवढं साफ नसते, हेही लिहिते. बियाण्याचं घ्या. तणनाशक मारलं की तण मरते पण पीक टिकते, अशा कापसाच्या बियाण्याला परवानगी नाही, २०१९ मध्ये अकोल्याकडं शेतकऱ्यांनी उघड पेरून सत्याग्रह केला. माझ्या वावरात निंदणाचा खर्च निघता निघत नाही, मला वाटते सरकारनं नीट तपासावं आणि चालत असेल तर खुलं करावं, विनाबिलाची पाकिटं अंधारात घेणं बंद व्हावं. असं बोललं की म्हणतात, कंपन्यांची माणूस. मग मला पऱ्हाटीत वाकून बसलेली ती बूथवाल्याची बायको दिसते. पावसाळ्यात तिच्या घरी पैसा येते तो निंदणाच्याच मजुरीचा. तण औषधानं जळालं तर ती काय करन? आपल्या राज्यानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला होता, मग त्या महिन्यांत गावातच काम द्या, वेळेवर मजुरी द्या. असं बोललं की म्हणतात, लाल झेंडेवाली.

मी तीच आहे ना भाऊजी? वावर तेच, बाई तीच.

कापसाचं माझं पक्कं आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८११० रुपये हमीभाव जाहीर केला तर तो पदरात पडेपर्यंत खरेदी चालू ठेवा आणि त्याच हंगामात बाहेरच्या मालाला दार उघडू नका, सरकार कोणाचंही असो. बियाण्याचं अजून पुरतं ठरलं नाही. ज्यांच्या घरच्या बाया निंदायला जातात त्यांनी खाली लिहा, मला ऐकायचं आहे. भाऊजी, तुम्ही पण लिहा, फक्त पार्टीचं नाव न घेता.